कणकवली ते काशी: आठ जणांच्या रेल्वेप्रवासाच्या नियोजनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कणकवली तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या एकत्र कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, वाडी आणि काही घरगुती तपशील गाळले किंवा बदलले आहेत. रेल्वेचे नियम, सणांच्या तारखा आणि आरक्षणाचे दिवस मात्र २०२५ साली होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रवासातले बहुतेक निर्णय त्यांच्याभोवतीच फिरले. मी या कुटुंबाचा शेजारी आहे. ऑगस्टपासून मी त्यांच्या चर्चांना बसत होतो, आणि पुढे ज्या दोन चुका सांगणार आहे त्यांतली दुसरी माझ्या सल्ल्यामुळे झाली. हे सगळे लिहून काढण्याचे तेही एक कारण आहे.

कुटुंबात आठ माणसे. आजी ७९ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले; घरात भिंतीला धरून चालतात, बाहेर काठी आणि सोबत दोन्ही लागतात. त्यांची विधवा लेक, म्हणजे मुलांच्या आत्या, ६२ वर्षांच्या. थोरले चिरंजीव ५८ वर्षांचे, शेती आणि थोडी आंब्याची कलमे पाहणारे. थोरल्या सूनबाई ५४ वर्षांच्या. धाकटे चिरंजीव ४८ वर्षांचे, तालुक्याच्या ठिकाणी नोकरीला. धाकट्या सूनबाई ४४ वर्षांच्या. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची.

‘काशीस जावे, काशीस जावे, नित्य वदावे’ हे वचन त्या घरात आजोबा असल्यापासून ऐकू येत असे. आजोबा गेल्यानंतर आजींनी त्याचा उच्चार बंद केला, आणि मुलांना नेमके तेच जाणवले. २०२५ च्या आषाढात दोघा भावांनी ठरवले की आईला या वर्षी काशीला न्यायचे, आणि सगळ्यांनी मिळून न्यायचे.

विमानाचा विचार झाला, पण तो लवकर मागे पडला. आठ जणांचा खर्च हे एक कारण होते; दुसरे असे की मध्ये विमान बदलावे लागले असते आणि आजी आयुष्यात कधी विमानात बसलेल्या नव्हत्या. रेल्वेत पाय पसरून पडता येते, सोबतच्या माणसांशी बोलता येते आणि स्वच्छतागृह चार पावलांवर असते, हे थोरल्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते.

अडचण

कणकवलीहून वाराणसीला सोयीची, रोजची, थेट गाडी नाही. गोव्याहून कोकणमार्गे पाटण्याकडे जाणारी एक साप्ताहिक गाडी आहे आणि ती वाराणसीपासून जवळच असलेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे जुन्या मुघलसरायवरून जाते. पण आठवड्यात एकच दिवस, आणि दिवाळी-छठच्या आगेमागे गोव्यात कामाला असलेल्या बिहारच्या लोकांची तीच मुख्य गाडी. ती धरली तर सगळा प्रवास तिच्या वारावर बेतावा लागला असता. त्यामुळे प्रवासाचे दोन तुकडे अटळ होते. पहिला कणकवली ते मुंबई, साधारण साडेचारशे किलोमीटरचा. दुसरा मुंबई ते वाराणसी, सुमारे दीड हजार किलोमीटरचा. घरातली पहिली चर्चा या दोन तुकड्यांबद्दलच झाली. त्यांच्यामधल्या जोडाबद्दल जवळजवळ कोणीच बोलले नाही.

दुसरी अडचण दिवसांची होती. मे महिन्यात मुलांना सुटी असते, पण तेव्हा कलमांवरचा हापूस उतरवायचा असतो, आणि वाराणसीचा पारा चाळिशीच्या वर असतो. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात धुके पडते आणि त्या बाजूच्या गाड्या कित्येक तास रखडतात. दिवाळीची सुटी सोयीची वाटत होती, पण २०२५ साली छठपूजा २५ ते २८ ऑक्टोबरला होती. तिच्या आधी मुंबईहून उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय ऑक्टोबरात भातकापणी असते, आणि कापलेले भात मळ्यात टाकून आठवडाभर बाहेर जाणे कोकणातल्या कोणत्याही घराला परवडणारे नाही.

उरला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक पूर्वी ३१ ऑक्टोबरपर्यंत चालत असे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडले होते, त्यामुळे नोव्हेंबरात गाड्या नेहमीच्या वेळेवर आणि नेहमीच्या वेगाने धावणार होत्या. मुलांची शाळा आठ दिवस बुडणार होती. धाकट्या सूनबाईंनी वर्गशिक्षकांशी आधी बोलून, अभ्यास लिहून घेऊन हा प्रश्न सोडवला. एवढ्या मोठ्या नियोजनात वेळेवर आणि कोणत्याही वादाशिवाय पार पडलेले हे एकच काम होते.

पौर्णिमेचा प्रश्न

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी काशीच्या घाटांवर देवदिवाळी असते. पायऱ्यांवर लाखो पणत्या लागतात आणि त्या पाहायला देशभरातून लोक येतात. थोरल्यांचा आग्रह होता की आईला गंगास्नान घडवायचे तर पौर्णिमेलाच घडवावे, असा योग पुन्हा येणार नाही. धाकट्यांचे म्हणणे असे की त्या गर्दीत व्हीलचेअर घाटापर्यंत जाणारच नाही आणि खोल्यांचे भाडेही झेपणार नाही. हा वाद जवळपास तीन आठवडे चालला. दोघेही आईच्या भल्याचेच बोलत होते आणि दोघांनीही त्या तीन आठवड्यांत आईला विचारले नव्हते.

एका संध्याकाळी नऊ वर्षांच्या नातीने आजींना सरळ विचारले की तुला पौर्णिमेला जायचे आहे का. आजी म्हणाल्या, “माका गर्दी नको गो. गंगा काय पुनवेच्याच दिवशी व्हावता?” पौर्णिमेला आपल्याच देवळात त्रिपुर लावायचा आणि मग निघायचे, असेही त्यांनीच सुचवले.

प्रवासाची तारीख या एका उत्तरावर ठरली. ५ नोव्हेंबरला संध्याकाळी गावच्या देवळात त्रिपुर लावून त्याच रात्री कणकवलीहून निघायचे आणि काशीला पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर पोहोचायचे, असे नक्की झाले. त्या तीन आठवड्यांत आरक्षणाच्या दृष्टीने नुकसान झाले नाही, कारण आरक्षण तोवर खुलेच झाले नव्हते. पण खोलीचा शोध तेवढा लांबला, आणि पुढे परतीच्या तिकिटाला त्याचा फटका बसला.

जाण्याचे पर्याय

मुंबईपर्यंत आणि मुंबईहून पुढे जाण्याच्या तीन वाटा कागदावर मांडल्या गेल्या.

पहिली वाट धाकट्यांना आवडलेली: सकाळी मांडवी एक्सप्रेसने निघायचे, रात्री मुंबईला उतरायचे आणि मध्यरात्र उलटताच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी वाराणसीची महानगरी एक्सप्रेस धरायची. कागदावर मध्ये दोन तासांहून थोडे अधिक अंतर होते, मुक्काम नाही, वेळ वाया नाही. माझा याला विरोध होता. कोकण रेल्वेचा मार्ग रोहा ते वीर या टप्प्यात दुहेरी झाला असला तरी पुढे बहुतांशी एकेरीच आहे; समोरून येणाऱ्या गाडीसाठी एखाद्या स्थानकात थांबावे लागले की उशीर साखळीसारखा पुढे सरकतो. तास-दीड तासाचा उशीर या मार्गावर नवलाचा नाही, आणि तेवढा झाला असता तर आठ माणसे, दहा डाग आणि एक व्हीलचेअर घेऊन मध्यरात्री फलाट बदलण्याची वेळ आली असती.

यावर धाकट्यांनी एक चांगला मुद्दा काढला. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांची तिकिटे, म्हणजे त्यांचे पीएनआर, एकमेकांना जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळू शकतात. ही सोय खरी आणि उपयोगी आहे. पण ती पैसे परत देते, पुढच्या गाडीत जागा देत नाही. एकट्या माणसाला तेवढे पुरते. आठ जणांच्या कुटुंबाला पैसे परत मिळूनही मुंबईत अडकूनच राहावे लागले असते. हा फरक उलगडून बोलल्यावर ती वाट बाजूला पडली.

दुसरी वाट मंगला एक्सप्रेसची. ती केरळातून कोकणमार्गे दिल्लीकडे जाते आणि मुंबई शहरात न शिरता पनवेल-कल्याणवरून भुसावळ, भोपाळच्या दिशेने निघते. तिने इटारसीपर्यंत जाऊन तिथे वाराणसीची गाडी धरता आली असती. अंतर वाचले असते, पण जोड मुंबईऐवजी अशा जंक्शनवर पडला असता जिथे ओळखीचे कोणी नाही. या वाटेवर फार वेळ गेला नाही.

तिसरी वाट स्वीकारली गेली. ५ नोव्हेंबरच्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने निघून ६ ला पहाटे ठाण्याला उतरायचे, दिवसभर डोंबिवलीला आजींच्या भाचीकडे विश्रांती घ्यायची आणि त्याच रात्री मध्यरात्रीनंतर कल्याणला महानगरी धरायची. पूर्ण एक दिवस मध्ये मोकळा ठेवला. कोकणातल्या घरांना मुंबईत चुलत, मावस, मामे असे एखादे दार हमखास उघडे असते, आणि त्या दाराचा प्रवासाच्या आखणीत एवढा थेट उपयोग होतो हे इथे दिसले. भाचीने जेवणासह सगळी जबाबदारी घेतली.

तिकिटांची विभागणी

एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात, माणसे आठ. म्हणजे दोन तिकिटे. ती कशी विभागायची यावर पुरेसा विचार झाला असे मला वाटत होते. आज तसे वाटत नाही.

लोअर बर्थसाठी वेगळा कोटा असतो. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया त्यात बसतात, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. घरातली सगळी माणसे एका तिकिटावर घालून त्यात आजींचे वय लिहिले की खालचा बर्थ आपोआप मिळेल, ही समजूत चुकीची आहे; मिळाला तर मिळाला. म्हणून आजी आणि आत्या यांचे तिकीट या कोट्यातून वेगळे काढायचे आणि बाकी सहा जणांचे सर्वसाधारण आरक्षणातून, असे ठरले. यात धोका हा की दोन तिकिटांचे डबे वेगळे येऊ शकतात. थ्री एसीच्या एका कप्प्यात बाजूच्या बर्थांसह आठच जागा असतात, आपण आठच जण आहोत, मग सगळे एकत्र बसू, ही मुलांची कल्पना सुंदर होती, पण संगणक तसे करील याची खात्री नव्हती. आजींना खालचा बर्थ नक्की मिळणे आणि सगळ्यांनी एकत्र असणे, यांतून पहिले निवडले गेले.

आत्यांना आजींबरोबर ठेवण्याचे कारण एवढेच की दोघींनाही खालचा बर्थ हवा होता आणि माय-लेकी एकत्र असाव्यात असे सगळ्यांना वाटले.

नातीचे वय नऊ. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते, बर्थ हवा असेल तर पूर्ण. सत्तावीस-अठ्ठावीस तासांच्या प्रवासात मूल कोणाच्या तरी बर्थवर दाटीवाटीने झोपवायचे नाही, असे धाकट्या सूनबाईंनी ठाम सांगितले आणि ते योग्यच होते. थोरल्यांच्या खर्चाच्या अंदाजात मात्र एक चूक सापडली: आजी आणि आत्या यांना ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत त्यांनी धरली होती. ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे.

तारखेची चूक

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्या हिशोबाने ५ नोव्हेंबरच्या कोकणकन्येचे आरक्षण ६ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता खुले होणार होते, आणि ६ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. घरात विसर्जनाची आरती, पाहुणे, मोदकांचा घमघमाट, आणि धाकटे ओटीवर मोबाइल घेऊन बसलेले. कोकणकन्येची आठही तिकिटे मिळाली. लगेच दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, त्यांनी महानगरीची दोन्ही तिकिटे काढली: प्रवासाची तारीख ६ नोव्हेंबर, आजी आणि आत्यांना खालचे बर्थ. घरात आनंद झाला.

चार दिवसांनी चौदा वर्षांचा मुलगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रवासाचे दिवस पेन्सिलीने भरत होता. त्याच्या चौकटी जुळेनात. महानगरी मध्यरात्र उलटल्यावर सुटते. ६ नोव्हेंबरची महानगरी म्हणजे ५ तारखेच्या रात्री, घड्याळात बारा वाजून गेल्यावर निघणारी गाडी. त्या वेळी हे कुटुंब कोकणकन्येत, रत्नागिरी जिल्ह्यात कुठेतरी झोपलेले असणार होते. त्यांना हवी असलेली गाडी ७ नोव्हेंबर या तारखेची होती.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. आपल्या बोलण्यात ‘सहा तारखेची रात्र’ उजाडेपर्यंत सहा तारखेचीच असते. रेल्वेच्या घड्याळात ती बारा वाजता संपते. मी स्वतः ती तिकिटे पाहिली होती आणि मलाही काही खटकले नव्हते. प्रत्येक तिकिटावरची तारीख बरोबरच दिसते. ते तिकीट आधीच्या आणि नंतरच्या तिकिटाशेजारी ठेवले तरच चूक दिसते, आणि ते काम त्या मुलाच्या पेन्सिलीने केले.

गाडी सुटायला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक वेळ असल्याने थ्री एसीच्या निश्चित तिकिटावर माणशी १८० रुपये आणि त्यावरचा कर एवढीच कपात झाली. ११ सप्टेंबरला नवी तिकिटे काढली. प्रवास छठनंतरचा असल्यामुळे त्या दिशेला गर्दी कमी होती, म्हणून सहा जणांना निश्चित जागा मिळाल्या. आजी आणि आत्यांना लोअर बर्थच्या कोट्यातून पुन्हा खालचे बर्थ मिळाले. डबे मात्र वेगवेगळे आले, मध्ये तीन डब्यांचे अंतर.

परतीचा पेच

आता माझ्या सल्ल्याविषयी. १२ नोव्हेंबरला वाराणसीहून निघायचे असे साधारण ठरले होते आणि त्या तारखेचे आरक्षण १३ सप्टेंबरला खुले होत होते. नुकतीच तारखेची चूक झालेली असल्याने मी म्हणालो की घाई नको, आधी खोली नक्की करा, किती दिवस राहायचे ते पक्के ठरवा आणि मग परतीचे तिकीट काढा. धाकट्यांनी ते मानले. खोली ठरायला नवरात्र उजाडले. अस्सी घाटाच्या बाजूला, तळमजल्यावरची, गाडी दारापर्यंत येईल अशी जागा मिळाली. २४ सप्टेंबरला तिकीट काढायला बसलो तेव्हा १२ नोव्हेंबरच्या मुंबईकडे येणाऱ्या ज्या गाडीवर आमची भिस्त होती तिच्या थ्री एसीला वेटिंग लागले होते.

छठच्या आधी माणसे मुंबईहून गावाकडे जातात. छठनंतर तीच माणसे कामावर परततात. आमचे जाणे रिकाम्या दिशेने होते आणि येणे भरलेल्या दिशेने. जाण्याची तारीख ठरवताना आम्ही छठचा विचार केला, येण्याची ठरवताना केला नाही. सणावारी चाकरमान्यांच्या गर्दीचा हाच खेळ कोकणात प्रत्येक घर दर गणपतीत पाहते: चतुर्थीआधी कोकणाकडे येणारी गाडी मिळत नाही आणि गौरी-गणपती गेले की मुंबईकडे जाणारी मिळत नाही. माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या प्रदेशाला लावून पाहायचे आम्हाला सुचले नाही, याची मला अजून खंत वाटते.

पुढे चार पर्याय होते. प्रवास आठवडाभर पुढे ढकलणे धाकट्यांच्या रजेमुळे शक्य नव्हते. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहाला खुले होते. एका तिकिटावर चारच प्रवासी, १ जुलै २०२५ पासून आधार पडताळणी झालेले खातेच चालते, आणि निश्चित झालेले तिकीट रद्द केले तर परतावा नाही. आठ जणांसाठी शेवटच्या चोवीस तासांवर एवढा भार टाकणे मला धोक्याचे वाटले. तिसरा पर्याय वाराणसीहून मधूनच जाणाऱ्या दुसऱ्या गाड्यांचा. त्यांच्यातही वेटिंगच होते, आणि मधल्या स्थानकाच्या प्रतीक्षायादीतली नावे गाडीच्या सुरुवातीच्या स्थानकावरच्या सर्वसाधारण यादीपेक्षा हळू पुढे सरकतात. वेटिंगचा आकडा लहान दिसतो म्हणून तिकडे वळणे फसवे ठरते.

चौथा पर्याय घेतला. त्याच गाडीच्या टू एसीत चार जागा शिल्लक होत्या. तिथे आजी, आत्या, थोरले आणि थोरल्या सूनबाई यांची निश्चित तिकिटे काढली. धाकटे, धाकट्या सूनबाई आणि दोन्ही मुले यांचे थ्री एसीचे वेटिंग तिकीट, क्रमांक २२ ते २५. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून या चौघांसाठी १३ नोव्हेंबरच्या दुसऱ्या एका गाडीचे स्लीपरचे निश्चित तिकीटही राखून ठेवले. थोरल्यांना हा दुहेरी खर्च पटत नव्हता. धाकट्यांनी हिशोब मांडला: १२ तारखेचा चार्ट, म्हणजे जागांची अंतिम यादी, तेव्हाच्या नियमाने आठ तास आधी लागणार होता, तो पाहून राखीव तिकीट रद्द केले तर भाड्याचा पाव हिस्सा कपात होईल, आणि ते तिकीट नसेल तर चौघांना अनोळखी शहरात जागा शोधत बसावे लागेल. आजींसह चार माणसे कोणत्याही परिस्थितीत एकत्र घरी पोहोचतील, ही हमी थोरल्यांना अखेर मान्य झाली.

मुंबईहून पुढे दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटणारी तुतारी एक्सप्रेस होती. पुन्हा तीच मध्यरात्र. या वेळी तिकिटावर १४ नोव्हेंबर टाकण्यापूर्वी घरातल्या तिघांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवून पाहिले.

प्रत्यक्ष प्रवास

५ नोव्हेंबरला संध्याकाळी देवळात त्रिपुर लागला. कणकवलीला गाडीचा थांबा जेमतेम दोन मिनिटांचा, त्यामुळे आमचे डबे फलाटावर कुठे येतात ते आधी विचारून सामान तिथे नेऊन ठेवले होते. मी निरोप द्यायला गेलो होतो. आजींना उचलूनच चढवावे लागले. डोंबिवलीचा दिवस विश्रांतीत गेला. आत्यांनी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, सुकी चटणी आणि लाडू असा शिधा घेतला होता. दशम्या दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत नीट राहिल्या.

कल्याणला रात्री एकच्या सुमारास गाडीत चढणे हा पूर्ण प्रवासातला सर्वांत कठीण प्रसंग ठरला. दोन तिकिटांचे डबे दूर होते. थोरले आजी आणि आत्यांबरोबर एका डब्याकडे, बाकीचे सामान आणि झोपाळलेल्या मुलांसह दुसऱ्या डब्याकडे. काही मिनिटांच्या थांब्यात दोन्हीकडचे चढणे झाले, पण दोघी जागेवर पोहोचल्या की नाही हे दुसऱ्या गटाला गाडी सुटल्यावर फोन लागेपर्यंत कळले नाही. थोरले मग आतूनच डबे ओलांडत आपल्या जागेवर आले.

दिवसा सगळे आळीपाळीने आजींपाशी बसले. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा ओलांडताना आजींनी नातीकडून तिचे नाव वदवून घेतले आणि हात जोडले. वाराणसीला गाडी पहाटे पोहोचणार म्हणून खोली आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवली होती. त्या एका रात्रीचे भाडे थोरल्यांना आधी जड वाटले होते. आजी पहाटे थेट अंथरुणावर आडव्या झाल्यावर त्यांनी स्वतःच तो निर्णय योग्य होता असे सांगितले. काशीतल्या चार दिवसांविषयी इथे एवढेच पुरे की आजींनी गर्दी नसलेल्या एका सकाळी खालच्या पायरीवर बसून, नातीचा हात धरून गंगेत पाय सोडले.

निष्पत्ती

परतीचे वेटिंग ५ नोव्हेंबरपर्यंत ९ ते १२ वर आले होते. चार्ट लागला तेव्हा धाकट्या सूनबाई आणि नात यांना बर्थ मिळाले. धाकटे आणि मुलगा आरएसीवर राहिले, म्हणजे बाजूचा एक खालचा बर्थ दोघांत. रात्रभर बाप-लेक आळीपाळीने झोपले. राखीव तिकीट लगेच रद्द केले. गाडी मुंबईला साधारण तीन तास उशिरा पोहोचली, पण तुतारीला अजून बराच वेळ होता, त्यामुळे तो उशीर कोणाला जाणवलाही नाही. १४ नोव्हेंबरला सकाळी आठही माणसे कणकवलीला उतरली.

वेगळे काय करता आले असते

परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबर, किंबहुना त्याच्या आधी विचारात घ्यायला हवे होते. अठ्ठेचाळीस तासांपूर्वी रद्द केल्यास माणशी ठरावीक कपातच होत होती. म्हणजे १३ सप्टेंबरला अंदाजाने तिकीट काढून गरज पडल्यास बदलणे हे वेटिंगपेक्षा स्वस्त आणि निवांत पडले असते. ‘आधी मुक्काम ठरवा’ हा माझा सल्ला ऐकायला समंजस होता, पण खोली दहा दिवसांनीही मिळू शकत होती आणि बर्थ मिळू शकत नव्हता. कोणती गोष्ट आधी संपते, हा प्रश्न मी विचारला नाही.

कल्याणला चढण्याविषयी माझे मत आता बदलले आहे. डोंबिवलीहून कल्याण जवळ, म्हणून ते सोयीचे वाटले. पण गाडी जिथून सुटते तिथे ती सुटण्याआधी बराच वेळ फलाटाला लागलेली असते. आजींना सावकाश चढवता आले असते आणि मग दुसऱ्या डब्याकडे जाता आले असते. टॅक्सीचे भाडे आणि तासभराचा प्रवास वाढला असता, तरी ज्यांच्यासाठी सगळे चालले होते त्यांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने तेच योग्य होते. आजींच्या जागी पायांनी धड माणूस असता तर मी कल्याणच म्हटले असते.

आणि सोबतीचा प्रश्न. लोअर बर्थच्या कोट्यात बसणाऱ्या स्त्रिया घरात तीन होत्या: आजी, आत्या आणि ५४ वर्षांच्या थोरल्या सूनबाई. जाताना रात्री आजींना तीनदा स्वच्छतागृहात न्यावे लागले आणि तिन्ही वेळा ६२ वर्षांच्या आत्या एकट्याच होत्या. वाराणसीला उतरल्यावर त्यांची पाठ दोन दिवस धरली होती. थोरल्या सूनबाई शेतात राबलेल्या, अंगाने बळकट, आणि घरी आजींना रोज उठवण्या-बसवण्याचे काम त्याच करतात. कोट्याच्या तिकिटावर आत्यांऐवजी त्यांचे नाव घातले असते तर खालचा बर्थही मिळाला असता आणि सवयीचा हातही. परतीच्या टू एसीत त्या आजींच्या समोरच्या बर्थवर होत्या. त्या रात्री आजी दोनदा उठल्या आणि आत्यांना सकाळपर्यंत कळलेही नाही.